फ्रीज उघडताना चप्पल घाल

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'तर' निम्मे काढून टाकलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

 

मागच्या वेळी मी म्हटलं होतं, वीज आणि चुंबक यांबद्दल शाळेत विचारायचे राहून गेलेले प्रश्न पाठवा. तुम्ही व्हॉइस नोट्सचा पाऊसच पाडलात. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हा: फोन चार्जिंगला असताना धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की झिणझिण जाणवते, शॉक बसेल का? दुसरा मला फार आवडला: वायरमन प्लास्टिकच्या खुर्चीवर उभा राहून टेस्टर लावतो, तरी टेस्टर पेटतो. सर्किट पूर्ण होतं कुठे?

आणि एक नोट फक्त अकरा सेकंदांची. मुलगी म्हणते, "दादा, आमच्या रूमवरचा फ्रीज करंट मारतो. घरमालक काका म्हणतात, चप्पल घालून उघडत जा. चालेल ना?"

मी खरं तर आज गमतीजमतींचा एपिसोड करणार होतो. ही नोट ऐकली आणि बेत बदलला, कारण त्या रूमवर मी राहिलोय. म्हणजे त्याच नाही, पण तशाच. ते शेवटी सांगतो. त्याचं उत्तर नीट कळायचं तर आधी बाकीचे प्रश्न सोडवावे लागतील.

सुरुवात साध्या दिव्यापासून करू. बटण दाबलं की दिवा लगेच लागतो. त्यामुळे आपल्याला वाटतं, वायरमधून इलेक्ट्रॉन सुसाट पळत दिव्यापर्यंत जात असणार. प्रत्यक्षात ते भयंकर आळशी असतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर करंट एकाच दिशेनं जात असेल, तर इलेक्ट्रॉन सरासरी सरकतात सेकंदाला मिलिमीटरच्या साधारण ०.०७ इतकं. तासाभरात वीतभर. गोगलगाय त्यांच्यापेक्षा खूपच पुढे.

आणि घरातली वीज तर एकाच दिशेची नसतेच. सेकंदाला ५० वेळा ती पुढे-मागे होते. त्यामुळे इलेक्ट्रॉन कुठेच जात नाही. जागच्या जागी हलतो, तेही केसाच्या जाडीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतकं. तुमच्या बटणामधला इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत कधीच पोचत नाही.

मग दिवा लागतो कसा? गर्दीच्या वेळची विरार लोकल आठवा. डबा खचाखच भरलाय. दारातल्या माणसानं आत रेटा दिला की पलीकडच्या दारातला माणूस "अहो, ढकलू नका!" म्हणून ओरडतो. पहिला माणूस पलीकडे पोचलेला नसतो, पोचतो तो रेटा. वायरमध्ये हा रेटा म्हणजे विद्युत क्षेत्र, आणि ते पसरतं प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास. ऊर्जा पोचते ती या क्षेत्रामार्फत. (उदाहरण थोडं लंगडं आहे, मान्य. लोकलमध्ये माणसं एकमेकांना टेकलेली असतात, इलेक्ट्रॉनना टेकायची गरज नसते. पण हीच गोष्ट पुढे कामाला येणार आहे, ध्यानात ठेवा.)

टेकायची गरज नाही, म्हणजे मध्ये फट असली तरी चालतं. फटीच्या अलीकडे इलेक्ट्रॉन जमले की पलीकडचे दूर ढकलले जातात. अलीकडचे मागे गेले की पलीकडचे परत येतात. एकही इलेक्ट्रॉन फट ओलांडत नाही, पण हलणं मात्र पलीकडे पोचतं. एकाच दिशेच्या विजेत हा खेळ क्षणभर चालून थांबेल. आपल्या घरातली वीज सतत पुढे-मागे होत असल्यामुळे तो चालूच राहतो. अशा फटीला कपॅसिटर म्हणतात.

आता खुर्चीवरचा वायरमन. त्याचं शरीर हा फटीचा एक काठ, घराची जमीन आणि भिंती हा दुसरा काठ. मधली प्लास्टिकची खुर्ची आणि हवा ही फट. टेस्टरमध्ये एक बारीकसा निऑनचा दिवा आणि त्याच्या जोडीला खूप मोठा रेझिस्टन्स असतो. वायरमननं टेस्टरच्या मागच्या धातूच्या टोपीला बोट लावलं, की अगदी क्षीण करंट निऑनमधून, वायरमनमधून आणि त्या फटीतून जमिनीपर्यंत जातो. क्षीण म्हणजे अँपिअरच्या काही दशलक्षांश भागांइतका. निऑन इतका हलका असतो की तेवढ्यावरही तो मंद पेटतो. खाली उतरून जमिनीवर अनवाणी उभं राहिलं तर जरा जास्त उजळ दिसेल. म्हणजे सर्किट पूर्ण होतंच, आणि त्यातली एक वायर म्हणजे खुद्द वायरमन.

बरोबर हीच युक्ती तुमच्या चार्जरमध्ये आहे. चार्जर उघडलात (उघडू नका!) तर आत २३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू अशा दोन वेगळ्या वसाहती दिसतील. दोघींत तारेचा संबंध नाही. फक्त एक छोटा कपॅसिटर दोन्ही बाजूंना जोडलेला असतो. चार्जर आतल्या आत जो विजेचा गोंगाट करतो, तो बाहेर पसरू नये म्हणून. या कपॅसिटरमधून ५० वेळा हलणाऱ्या विजेचा थोडासा अंश फोनच्या धातूपर्यंत पोचतो. चार्जरला तिसरी पिन असती तर तो जमिनीत निघून गेला असता. दोन पिनांच्या चार्जरमध्ये त्याला वाट नसते, म्हणून तो तुमच्या बोटाची वाट बघत बसतो. नियमानुसार हा करंट अगदी कमी असावा लागतो. माणसाला करंट जाणवायला लागतो साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअरला.

मग जाणवतं ते काय? इथे खरी गंमत आहे. पुढच्या वेळी नीट लक्ष द्या: बोट स्थिर ठेवलं तर काही जाणवत नाही, अलगद फिरवलं तरच ती खरखर जाणवते, आणि बोट ओलं केलं की बहुतेक वेळा नाहीशी होते. शॉक असा वागत नाही. कोरडी त्वचा ही पुन्हा एक फटच. एका बाजूला फोनचा धातू, दुसऱ्या बाजूला बोटाचा आतला ओलसर भाग. दोन्हींमध्ये ओढ निर्माण होते, आणि ती सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. बोट सरकताना तेवढ्याच वेळा किंचित अडकतं आणि सुटतं. तुम्हाला वीज जाणवत नाही, घर्षण जाणवतं. एडवर्ड मॅलिन्क्रॉट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला हे दिव्याच्या पितळी होल्डरवर बोट फिरवताना सापडलं. दिवा चालू असताना पितळ खरखरीत लागायचं आणि बंद केला की गुळगुळीत. १९५३ साली त्यानं आणि सहकाऱ्यांनी त्यावर निबंध छापला.

तर चांगल्या चार्जरवर फोन खरखरीत लागला म्हणून घाबरू नका. पण रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळणारा चार्जर असेल, तर माझं उत्तर बदलतं. दोन वसाहतींमधली ती फट त्यात नीट राखलेली असतेच असं नाही, आणि तो कपॅसिटर साधाच बसवलेला असेल तर तो निकामी होताना आरपार जोडला जाऊ शकतो. मग केबलवर ५ नाही, २३० व्होल्ट. चार्जरवर बीआयएसचा 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेवढं बघून घ्या.

आता, दोन वसाहतींत तारेचा संबंध नाही म्हणालो, मग चार्जिंग होतं कसं? त्यासाठी लंडनला जाऊ.

२९ ऑगस्ट १८३१. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे एक लोखंडी कडं घेऊन बसलाय, आडवं मोजलं तर वीतभरसुद्धा नाही. हा माणूस लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं १८२० मध्येच दाखवलं होतं. विजेतून चुंबकत्व मिळतं, तर चुंबकत्वातून वीज का मिळू नये, हा फॅरडेचा प्रश्न. त्यानं कड्याच्या एका बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे घातले, दुसऱ्या बाजूला वेगळ्या तारेचे. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही टेकत नाहीत. पहिली बॅटरीला जोडली, दुसरीजवळ चुंबकसुई.

बॅटरी जोडली आणि सुई हलली. आणि लगेच थांबली! बॅटरी जोडलेलीच आहे, वीज वाहतेय, कड्यात चुंबकत्व आहे, पण सुई गप्प. बॅटरी काढली, पुन्हा हलली, या वेळी उलट्या दिशेला. नुसत्या चुंबकत्वानं काही होत नाही. चुंबकत्व बदलावं लागतं. बदलत असेल तोवरच दुसऱ्या तारेत वीज.

तुमच्या चार्जरमध्ये हेच कडं आहे, अगदी बारीक. चार्जर घरातल्या विजेचे सेकंदाला हजारो, कधी लाखभर वेळा तुकडे पाडतो, म्हणजे चुंबकत्व सतत बदलत राहतं. जितक्या वेगानं बदल, तितकं लहान कडं पुरतं. म्हणून जुने अडॅप्टर विटेसारखे जड असायचे आणि आताचे खिशात मावतात. वायरलेस चार्जरमध्ये कड्याचे दोन भाग केलेत, अर्धा पॅडमध्ये आणि अर्धा फोनमध्ये. इंडक्शनच्या शेगडीत तर दुसरी तार म्हणजे तुमच्या पातेल्याचा बुडच. (बुडाला चुंबक चिकटला तर ते भांडं शेगडीवर चालेल. दुकानात भांडं घेताना फ्रिजवरचा छोटा चुंबक खिशात घेऊन जा.)

फ्रीजचं नाव निघालंच आहे, तर आता ती रूम.

पुण्यात कॉलेजला असताना आम्ही तिघं एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो. फ्रीज घरमालकांचा, जुनाच. त्याच्या दाराला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "अरे, जुना आहे, थोडं येतंच. चप्पल घालून उघडत जा." आम्ही चप्पल घालायला लागलो. पंधरा दिवसांत त्याची सवयही झाली. मित्र आले की आम्हीच त्यांना सांगायचो, "फ्रीज उघडताना चप्पल घाल रे," आणि हसायचो.

चप्पल का चालते? तारेवरच्या पक्ष्याला शॉक का बसत नाही, हा प्रश्नही चौघांनी पाठवलाय, त्याचं उत्तर इथेच देतो. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर. दोन पायांत व्होल्टेजचा फरक जवळपास शून्य, म्हणून त्याच्यातून करंट जात नाही. मोठं वटवाघूळ दोन तारांना एकदम पंख लावतं आणि मरतं. रबरी चपलेनं तुम्ही पक्षी होता. फ्रिजची बॉडी २३० व्होल्टला असली तरी तुम्ही जमिनीला जोडलेले नसता. चप्पल कोरडी आहे तोवर.

जुलैचा महिना, रात्रीचे अकरा. रूममेट भिजून आला आणि थेट पाण्याची बाटली काढायला गेला. पायात चप्पल होती, पण तीही भिजलेली, आणि खाली फरशीवर पाणी. मला आवाज आला तो ओरडण्याचा नाही, घशातून निघणाऱ्या एका विचित्र आवाजाचा. वळून बघतो तर त्याची मूठ हँडलवर आवळलेली आणि सगळं अंग थरथरतंय. मी त्याला ओढायला धावलो. खालच्या मजल्यावरच्या काकू ताट परत द्यायला आल्या होत्या, दारातूनच त्या ओरडल्या, "हात लावू नकोस त्याला! मेन बंद कर!" मेन स्विच जिन्यात होता. मी तो खाली ओढला आणि तो धाडकन पडला.

वाचला. कोपराला लागलं, दोन दिवस दंड दुखत होता, डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि सोडलं. काकू दारात नसत्या तर दोघं चिकटलो असतो.

हात सुटत का नव्हता? साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे करंट गेला की हाताचे स्नायू आखडतात, आणि मूठ मिटवणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा जास्त ताकदीचे असतात. माणूस सोडायला बघतो आणि पकड आणखी घट्ट होते. ३० च्या पुढे धोका हृदयाला. ओल्या हातापायांचा माणूस हजार-दोन हजार ओहमचा धरला, तर २३० व्होल्टला शंभर-दोनशे मिलिअँपिअर होतात. त्या रात्री फरशीनं बहुधा थोडा अडथळा केला असावा.

मला सगळ्यात जास्त चक्रावलं ते नंतर. मीटरच्या पेटीत एमसीबी होता, नवा कोरा, १६ अँपिअरचा. तो दिमाखात वरच उभा होता, पडलाच नव्हता. मला तेव्हा वाटायचं, एमसीबी आहे म्हणजे शॉक बसला तर तो पडेल. तुमच्यापैकी निम्म्यांनाही तसंच वाटतं, तुमच्या नोट्सवरून कळतंय. मंडळी, एमसीबी माणसाला वाचवायला नसतोच. तो वायरीला वाचवतो, ती तापून पेट घेऊ नये म्हणून. १६ अँपिअर म्हणजे १६,००० मिलिअँपिअर. माणूस मरतो तो त्याच्या शंभराव्या भागानंही. एमसीबीला तो जाणारा माणूस म्हणजे एक बारीकसा दिवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी वायरमननं फ्रिजचं सॉकेट उघडलं. तीन भोकं, पण मागे वायरी दोनच. "अर्थिंगची वायरच नाही यात," तो म्हणाला. "वरचं भोक नुसतं दाखवायला." थ्री-पिनची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब असते, कारण ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि सगळ्यात शेवटी सुटावी. आमच्या घरात ती रोज इमानेइतबारे रिकाम्या भोकात जाऊन बसत होती.

अर्थिंग असतं, तर फ्रिजच्या बॉडीवर आलेला करंट तुमची वाट न बघता त्या वायरीनं जमिनीत गेला असता. पण इथेही एक मेख आहे. जमिनीतला रॉड जुना, माती कोरडी, आणि सगळा अडथळा समजा ३० ओहम झाला. २३० भागिले ३०, साधारण ८ अँपिअर. १६ चा एमसीबी याही वेळी पडणार नाही! फ्रीज तसाच करंट घेऊन उभा.

म्हणून फॅरडेचं कडं परत आणायचं. आरसीसीबी नावाचा स्विच असतो, जुने वायरमन ईएलसीबी म्हणतात. त्याच्या आत एक कडं असतं आणि घराची फेज व न्यूट्रल या दोन्ही वायरी त्यातून जातात. एकीतून जेवढा करंट आत गेला तेवढाच दुसरीतून परत आला, तर दोघींचं चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकतं आणि कडं शांत राहतं. पण काही करंट वाटेत निसटला, फ्रिजच्या बॉडीतून किंवा तुमच्या अंगातून जमिनीत गेला, की जमाखर्च जुळत नाही. कड्यात बदलतं चुंबकत्व उरतं, कड्यावरच्या तिसऱ्या तारेत वीज तयार होते आणि ती खटका ओढते. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर तो वीज तोडतो. शॉक तरीही जाणवेल, पण हात चिकटून राहणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत शॉक लागून मरणाऱ्यांची संख्या देशात वर्षाला दहा हजारांच्या वर असते. हे सांगताना मला ती जिन्यातली पेटी आठवते.

यावर एकानं विचारलंय, "आमचा आरसीसीबी पावसाळ्यात सारखा पडतो, वायरमन म्हणतो काढून टाकू." काढू देऊ नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट निसटतोय. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याच्यावर पडेल त्या लाईनवर दोष. बऱ्याचदा गीझर, बाहेरचा ओला होणारा दिवा, किंवा बाल्कनीतलं सॉकेट निघतं. मग वायरमनला नेमकं तेच दाखवा.

आणि त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षाही नको. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरून कोरड्या खुर्चीवर उभे राहिलात, तर जमाखर्च बरोबर जुळतो. कड्याच्या दृष्टीनं तुम्ही दिवा आहात.

तर अकरा सेकंदवाल्या ताई, उत्तर असं: नाही, चालणार नाही. फ्रिजचा प्लग आजच काढ. आधी बटण बंद, मग कोरड्या हातानं पिन, फ्रिजला हात न लावता. दूध नासलं तर नासू दे. काकांना म्हणावं, वायरमन बोलवा आणि दोन गोष्टी तपासून घ्या, सॉकेटच्या वरच्या भोकामागे खरंच वायर आहे का, आणि पेटीत आरसीसीबी आहे का. टेस्टरनं अर्थिंग तपासता येत नाही, त्यामुळे ते स्वतः करत बसू नकोस. काकांनी टाळाटाळ केली, तर त्यांना हा एपिसोड ऐकव.

बाकीच्यांनी आज पेटी उघडून बघा. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटका पडला पाहिजे. कॉम्प्युटर बंद करून दाबा, नाहीतर घरचे मला शिव्या देतील. एवढंच लक्षात घ्या, की त्या बटणानं फक्त आरसीसीबी तपासला जातो. तुमच्या सॉकेटला अर्थिंग आहे की वरचं भोक नुसतं दाखवायला आहे, ते त्याला कळत नाही. त्यासाठी सॉकेट उघडावंच लागतं, तेही वायरमनकडून आणि मेन बंद करून.